घोंगडी पांघरलेला मोर

शिरपूर
१९ जानेवारी १९९८

चि. झुलाल यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वच्छलालाही सांग. तिला जरा जास्त सांग, कारण ती तुला सांभाळते.

तुझा तिळगूळ पोचला. पुडी फुटलेली होती, तेव्हा आमच्या पोस्टमनशीही तुझं गोड बोलणं झालं असं समज.

पत्र नेहमीसारखं प्रमिलाच्या हातचं आहे. मी आपल्या अहिराणीत सांगते, ती शाळेतल्या मराठीत उतरवते. मला अक्षर कळत नाही, म्हणून शेवटी मोठ्याने वाचायला लावते. सून वाईट नाही, पण माझ्या शिव्या गाळते. (गाळाव्याच लागतात, मामा. – प्रमिला)

आता सांग, तू कसा शेस? खरं सांग. दोन आखाज्या झाल्या (प्रमिला अक्षय्यतृतीया लिहू म्हणते, मी आखाजीच म्हणणार), तू मला न्यायला आला नाहीस. पहिल्या वर्षी तुझा गुडघा दुखत होता. दुसऱ्या वर्षी एस.टी.ला गर्दी होती. एस.टी.ला गर्दी कधी नसते रे? लग्न झाल्यापासून दर आखाजीला तू मुराळी होऊन आलास आणि मला माहेरी नेलंस. अर्ध्या चड्डीत होतास तेव्हाही आलास, हेडमास्तर झालास तेव्हाही आलास. गल्लीतल्या बायका विचारतात, "यशोदाअक्का, भाऊ आला नाही का?" मी सांगते, "तो अजून शाळेतली पोरं मोजतोय." पण मुराळ्याशिवाय मी माहेरी यायची नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची झाले म्हणून काय झालं, माहेरवाशीण ती माहेरवाशीण.

दुसरी गोष्ट. माझा उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून आपोआप ताक घुसळतो. मांडीवर ठेवला की सुरू, भाकरी थापायला घेतला की गप्प. म्हणजे हात कामाचा आहे, रिकामा बसवला की चाळे करतो. अशी पोरं तू पुष्कळ पाहिली असशील.

धुळ्याला मोठ्या दवाखान्यात मुंबईची एक डॉक्टरीण महिन्यातून एकदा येते. सुनंदाबाई तिचं नाव. तिने विचारलं, "आजी, घरात आणखी कुणाला असं होतं?" मी म्हटलं, आमच्या आबांना होतं, आबांच्या मोठ्या बहिणीला होतं. तशी ती खुर्चीतच सरसावून बसली. म्हणाली, याला पार्किन्सन म्हणतात, आणि काही घराण्यांत तो रक्तातून उतरतो. मी म्हटलं, चला, शेत सगळं भावाला गेलं, पण आबांनी मलाही काहीतरी ठेवलं.

तिला आपल्या घराण्याचं रक्त तपासायचंय आणि प्रत्येकाच्या डोक्याची परीक्षा घ्यायचीय. हात थरथरणाऱ्यांत काहींचं डोकंही हळू होतं, काहींचं होत नाही. कुणाचं, कधी, ते आधी कळलं तर आधीच सांभाळता येतं म्हणते. मी फेब्रुवारीत जाणार. तूही ये.

तुझी
अक्का


जळगाव
२ फेब्रुवारी १९९८

ती. अक्काच्या चरणी साष्टांग नमस्कार.

पत्र पावले. आपल्या हाताविषयी वाचून काळजी वाटली. औषध वेळेवर घ्यावे.

माझ्याविषयी म्हणाल, तर मला काहीही झालेले नाही. रक्त द्यायला माझी हरकत नाही, परंतु डोक्याच्या परीक्षेचे कारण समजले नाही. छत्तीस वर्षे मी परीक्षा घेतल्या. या वयात कालच्या मुलीसमोर बसून आज वार कोणता हे सांगणे मला शोभत नाही. आबांना झाले म्हणून सर्वांना होते असे नाही.

आखाजीचे प्रकृती पाहून कळवीन. सध्या गुडघा पुन्हा त्रास देत आहे.

आपला
झुलाल


शिरपूर
१६ फेब्रुवारी १९९८

चि. झुलाल यास आशीर्वाद.

तुझा गुडघा मोठा हुशार आहे, आखाजीचं नाव काढलं की दुखतो.

मी परीक्षा देऊन आले. जन्मात पहिली. सकाळी न्हाऊन, नवं लुगडं नेसून, प्रमिलाच्या हातून दही खाऊन गेले. दवाखान्याच्या पायरीवर मला तुझी आठवण आली. तू पाटी घेऊन शाळेत जायचास आणि मी शेण गोळा करत तुला चिडवायची. आता माझी पाळी होती.

सुनंदाबाईने तारीख विचारली. मी म्हटलं, तारीख मास्तर लोकांना असते, माघाची पुनव परवा झाली, यातून काय ते काढ. तिने काढलं. मग म्हणाली, "मिनिटभरात सुचतील तेवढी जनावरं सांगा." मी सुरू केलं, ढवळी, कपिला, मोरी, चिंधाची लंगडी बकरी. ती म्हणाली, "आजी, त्यांची नावं नकोत, जाती सांगा." मी म्हटलं, दवाखान्यात जात विचारतात होय? बाजूची नर्स तोंडावर हात धरून बाहेर गेली.

मला पेन्सिल धरता येत नाही, म्हणून तिने काडेपेटीतल्या काड्यांची नक्षी मांडली आणि म्हणाली, तश्शी मांडा. मी मांडली. उठताना काड्या मागितल्या, चुलीला लागतात. नाही दिल्या. एवढा मोठा दवाखाना!

पण सगळ्यात अवघड पाच शब्द. ती सांगते, मग मध्येच भलतं काहीतरी करायला लावते आणि अचानक विचारते, मघाचे शब्द काय? शब्द असे: आंबा, कंदील, घोंगडी, विहीर, मोर. मी काय केलं, डोळ्यांपुढे आणलं की एक मोर घोंगडी पांघरून, कंदील घेऊन, विहिरीवरच्या झाडाचे आंबे चोरायला निघालाय. झालं. आता तो मोर माझ्या डोक्यातून जातच नाही. परवा देवापुढे बसले तर तिथेही आला.

मी पास. सुनंदाबाई म्हणाली, डोकं ठणठणीत आहे. हाताचं औषध दिलं.

आता तुला सगळे प्रश्न कळले, उत्तरंही कळली. प्रमिलाकडून शब्द वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेऊन सोबत घातलेत. पाठ कर आणि जा. भिऊ नकोस.

आणि एक. तुझं पत्र प्रमिला नाकाला लावून वाचते. मागे तुझं अक्षर हरभऱ्याएवढं असायचं, आता खसखशीएवढं. ओळीच्या शेवटी तर नुसती मुंग्यांची पिल्लं. मला वाचता येत नाही, पण दिसतं तर. सुनंदाबाईलाही दाखवलं. ती म्हणाली, "या अक्षराच्या माणसाला घेऊन या."

अक्का

(मामा, पेपर फोडू नका म्हणून मी त्यांना पुष्कळ सांगितलं. – प्रमिला)


जळगाव
२४ फेब्रुवारी १९९८

ती. अक्कांना वच्छलाचा नमस्कार.

हे वाचनालयात जातो सांगून अंगणातच बसलेत, तेवढ्यात लिहिते. वाचनालय तर त्यांनी कधीच सोडलं. चहाचा कप हातात डुचमळतो, लोक बघतात म्हणून. शर्टाची बटणं मी लावते. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

हाताचं ते सोसतील, अक्का. भीती दुसरीच आहे. रोज सकाळी उठल्याबरोबर स्वतःलाच वार, तारीख, पंतप्रधान विचारतात. मध्ये एखादं नाव लवकर आठवलं नाही की दिवसभर जेवण जात नाही. मला म्हणाले, "आबांनी शेवटी अक्काला ओळखलं नाही. मी तुला ओळखलं नाही तर तू माहेरी निघून जा." आता या वयात मी कुठल्या माहेरी जाऊ?

परीक्षेत नापास झालो तर ते खरंच आहे असं ठरेल, म्हणून जात नाहीत. तुमचंच ऐकलं तर ऐकतील. मी लिहिलंय हे कळू देऊ नका.

वच्छला


शिरपूर
५ मार्च १९९८

चि. झुलाल यास आशीर्वाद.

मला कुणी काही लिहिलेलं नाही. आपोआप कळलं.

आज मला आबांचं सांगायचंय. प्रमिला, हे गाळू नको. शेवटच्या वर्षी आबा मला "माय" म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तू ओट्यावर जाऊन रडलास. मी काय केलं, त्यांची माय झाले. "दूध पी, नाहीतर मार खाशील," म्हटलं. जन्मभर मला दटावणारे आबा मुकाट्याने पेलाभर दूध प्यायले. वर मिशी पुसून मला विचारतात, "माय, आता खेळायला जाऊ?" झुलाल, मला ते आठवलं की अजून हसू येतं. तुला त्या घरात आबा हरवलेले दिसले. मला पाच वर्षांचे आबा भेटले, जे कुणालाच भेटत नाहीत.

ते विसरले, पण आपण होतो ना घरात? मग ते हरवले कुठे?

तुझं तसं होईलच असं नाही, हेही सुनंदाबाईने सांगितलंय. एका घरात सुद्धा एकेकाचं वेगळं. परदेशात गेल्या साली अशाच एका घराण्याच्या रक्तात काय खोट आहे ते सापडलं म्हणे. आपलं सापडेल की नाही ते तिलाही माहीत नाही. पण पाहिल्याशिवाय तू घरबसल्या स्वतःला नापास केलंस, हा कुठला हेडमास्तर? पोरगा बाकावर बसायच्या आधीच तू कुणाला शून्य दिलं होतंस का?

ती २३ तारखेला धुळ्यात आहे. अडाणी बहीण पास झाली. बी.ए., बी.टी. भाऊ घाबरला, असं मी आखाजीला बठ्ठ्या गल्लीत, घरोघर सांगणार.

अक्का


जळगाव
१० मार्च १९९८

ती. अक्कास नमस्कार.

आपण परीक्षेचा पेपर फोडलात, याचा मी तीव्र निषेध करतो. छत्तीस वर्षांत मी माझ्या सख्ख्या पुतण्यालाही कॉपी करताना पकडून वर्गाबाहेर काढले आहे. शब्दांचा तो कागद मी फाडून टाकला आहे.

मी २३ तारखेस धुळ्यास जाईन. तेही केवळ आपल्या गल्लीत माझी बदनामी होऊ नये म्हणून, आणि स्वतःच्या बुद्धीवर.

आबांचे ते मला ठाऊक नव्हते. खेळायला पाठवलेत का त्यांना?

आपला
झुलाल


जळगाव
२६ मार्च १९९८

अक्का,

आज मायना नीट लिहीत नाही, रागावू नकोस. शेजारच्या पोराची दुरेघी वही मागून त्यावर लिहितोय. सुनंदाबाई म्हणाल्या, दोन रेघांत लिहिलं की अक्षर बारीक होत नाही. खरंच होत नाही. पहिलीतल्या पोरासारखा जीभ बाहेर काढून लिहितोय, असं वच्छला म्हणते.

सोमवारी काय झालं ते सांगतो. प्रमिलाला म्हणावं, एकदाच वाच आणि नंतर पत्र ठेवून दे.

सुनंदाबाई साध्या आहेत. मला "सर" म्हणाल्या, त्यामुळे मी जास्तच ताठ बसलो. त्यांनी पाच शब्द सांगितले. मध्ये शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. घड्याळ बिघडलं. सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसले, एस.टी.त बसतात तसे. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सर, मघाचे शब्द?"

मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आंबा, कंदील, घोंगडी, विहीर, मोर."

त्यांचा चेहरा उतरला. "सर, यातला एकही शब्द मी सांगितलेला नाही."

अक्का, तो क्षण मी तुला सांगू शकत नाही. समोर आबा दिसले. मागे वच्छला बसली होती, तिच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला. सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "घाई नाही. पुन्हा आठवा." मी डोळे मिटले. तर काय! तुझा तो मोर, घोंगडी पांघरून कंदील हलवत समोर उभा. हलेचना. मी वैतागून मोठ्याने म्हणालो, "बाई, या मोराला आधी बाजूला करा!"

"कुठला मोर?"

मी सांगितला. घोंगडीसकट. सुनंदाबाई लिहायच्या थांबल्या. मग उठल्या, कपाटातून मागच्या महिन्याचे कागद काढले, आणि एक कागद माझ्यासमोर धरला. शिरपूरच्या आजी, यशोदाबाई. तेच पाच शब्द, त्याच क्रमाने. सुनंदाबाई भावाबहिणींना मुद्दाम वेगवेगळे शब्द देतात.

मी उभा राहिलो. म्हणालो, "बाई, मी कॉपी केली आहे. कागद फाडायच्या आधी दोनदा वाचला होता."

"कधी?"

"महिना होत आला."

"मग रोज पाठ करत होतात?"

"छे हो! विसरायचाच प्रयत्न करत होतो."

तशा त्या हसायला लागल्या. टेबलावर हात मारून हसल्या. "सर, महिन्यापूर्वी दोनदा वाचलेलं तुम्हाला प्रयत्न करूनही विसरता येत नाही, आणि तुमची आठवण गेली म्हणून तुम्ही घरात लपून बसलात?"

वच्छला तर रडतेय की हसतेय ते मला अजून कळलेलं नाही.

चहा घेऊन त्यांनी नवे शब्द दिले. केळं, खुर्ची, टोपी, डोंगर, कावळा. या वेळी तीन मला आपले आपण आठवले. दोन अडले. त्यांनी "बसायची वस्तू" म्हटलं आणि खुर्ची आली, "काळा पक्षी" म्हटलं आणि कावळा आला. त्या म्हणाल्या, माझ्या आठवणी जागेवर आहेत, फक्त बाहेर यायला वेळ लावतात, आणि कुणी थोडं सुचवलं की येतात. डोक्याची गाडी थोडी हळू झालीय हे त्यांनी लपवलं नाही. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही, दर वर्षी पाहू, असंही म्हणाल्या. रक्त मुंबईला गेलं. औषध सुरू केलंय.

अक्का, मी दोन वर्षं सगळ्यांपासून पळत होतो. गुडघा ठीक आहे. नेहमीच ठीक होता.

झुलाल


शिरपूर
२ एप्रिल १९९८

चि. झुलाल यास आशीर्वाद आणि कान धरून एक ओढा.

प्रमिलाने पत्र एकदा वाचलं. मी चारदा वाचायला लावलं. मग शेजारची सुंदरबाई आली, तिच्यासाठी पाचव्यांदा. हेडमास्तर कॉपी करताना सापडला, तेही बहिणीची! आणि सापडला म्हणून पास झाला! (मामा, मी नको म्हटलं होतं. – प्रमिला)

तू विचारलंस, आबांना खेळायला पाठवलं का. पाठवलं. अंगणात खाट टाकून दिली, चार शेंगा दिल्या. संध्याकाळपर्यंत शेंगांचे बैल करून खेळले. मी तुलाही बोलावणार होते, पण तू रडत होतास.

आखाजी २९ तारखेला आहे. मी पिशवी भरायला घेतली आहे.

अक्का


जळगाव
२ मे १९९८

चि. सौ. प्रमिलास अक्काचे अनेक आशीर्वाद.

ओळखलंस का हे अक्षर? तुझं नाही, वच्छलाचंही नाही. आज माझा लेखनिक हेडमास्तर आहे. दुरेघी वहीच्या कागदावर एकेक अक्षर बैलाएवढं काढतोय आणि वर माझ्या शब्दांना शुद्धलेखन शिकवतोय. पण तो माझ्या शिव्या गाळत नाही, तेवढं तुझ्यापेक्षा बरं. (एक गाळली आहे. – झुलाल)

स्टँडवर तू आम्हाला बसवून दिलंस, त्यानंतरचं ऐक. चोपड्याला गाडी बदलताना हा दारातच थिजला. एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्याला चिकटलेला; या दुखण्यात तसं होतं म्हणे. मागून लोक ओरडायला लागले. कंडक्टर म्हणतो, "बाबा, चढायचं का नाही?" मी मागून याच्याच शाळेतला आवाज काढला, "डावा! उजवा! डावा!" आणि गडी कवायत करत थेट शेवटच्या बाकापर्यंत गेला. थांब म्हणेपर्यंत थांबला नाही. (थांबलो असतो. – झुलाल) मुराळी मला न्यायला आला होता की मी मुराळ्याला, ते कंडक्टरला कळलं नाही. तू कुणाला सांगू नकोस.

घरामागच्या निंबाला वच्छलाने दोर टाकून ठेवला होता. कॉलनीतल्या सगळ्या माहेरवाशिणी जमल्या. त्यांना आखाजीची गाणी कुठली येणार, सगळ्या टीव्ही बघून वाढलेल्या. मग मी झोक्यावर बसले आणि दोर धरून हा उभा राहिला. लहानपणी मी याला मांडीवर घेऊन झोके घ्यायची, त्यामुळे बायकांची सगळी गाणी याला पाठ. हेडमास्तर झाल्यावर लपवून ठेवली होती. ती काढली! दोन ओळी म्हणायचा, अडायचा, माझ्याकडे बघायचा. मी पुढचा एक शब्द टाकला की अख्खं कडवं बाहेर. मी म्हटलं, दोघांचं मिळून एक डोकं पुरेल आपल्याला. हात हलत होता, पण झोका देताना कुणाचा हात हलत नाही सांग बरं?

झोका उंच गेला. सुनंदाबाईने उंच झोक्याला मनाई केलेली नाही. मी विचारलंच नव्हतं.

आबांच्या नावाने घागर भरली, वर डांगर ठेवलं (शुद्ध मराठीत खरबूज. – झुलाल), आमरस-सांजोरीचा घास भिंतीवर ठेवला. चार शेंगाही ठेवल्या. त्या कशाला, ते वच्छलाला कळलं नाही, पण याला कळलं. या खेपेला हा उठून ओट्यावर गेला नाही. माझ्याजवळच बसला.

आज सकाळी चहा पिता पिता मी म्हटलं, "झुलाल, सुनंदाबाईचे शब्द सांग पाहू." म्हणतो, "केळं, खुर्ची, टोपी, डोंगर..." आणि थांबला. कपाळाला आठी. वच्छला सांगायला निघाली, मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. म्हटलं, "भाऊ, आबांचा घास कोणी नेला रे?"

"कावळा!" असा ओरडला की भिंतीवरचा खरा उडून गेला.

मी आणखी आठ दिवस इथेच. पुढच्या मार्चमध्ये दोघं मिळूनच परीक्षेला जाणार. सुनंदाबाईला कळवलं, तर तिचं कार्ड आलंय, की शिरपूर-जळगावच्या भावाबहिणींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्यात येईल.

तुझी सासू
अक्का

(मी विनंती केली होती की एकाच बाकावर बसवा. – झुलाल)